लिंबाच्या अलीकडे

मुलांनो, समजा, तुम्ही गाडीत ड्रायव्हरच्या जागी बसला आहात. बाहेर चाकाशी वाकलेले बाबा सांगताहेत, "दाब. धरून ठेव. आता सोड." ब्रेकच्या नळीत शिरलेली हवा अशीच काढतात. ऋजुताने सकाळभर तेच केलं.

"झालं!" बाबा उठले. "चला, आंबोलीचा घाट उतरून मुहूर्ताला पोचायचंय."

पण ऋजुताच्या पायाखाली पेडल अजून मऊच लागत होतं. "बाबा, हवा राहिलीय."

"उतरा, शंकासूर! तुझा पायच हलका आहे."

ऋजुताचा विश्वास बसेना. निघताना चाकाखाली ठेवायला आईने लिंबू दिलं, ते तिने चाकाच्या चांगलं चार हात पुढे ठेवलं. "याच्या अलीकडे थांबवून दाखवा."

बाबांनी हसत गाडी सोडली. ब्रेक दाबला, पुन्हा दाबला, मग घाईघाईने हँडब्रेक ओढला. तोवर लिंबू फचकन फुटलं होतं.

"छान शकुन झाला," आई म्हणाली. बाबा मात्र उतरून पुन्हा चाकाशी वाकले.

ऋजुताने पाना उचलून त्यांच्या हातात दिला आणि पुन्हा आत चढून पेडलवर पाय ठेवला.