निंगप्पांकडची दुसरी चावी

दाक्षायणी नवी पेठेतल्या दुकानातून दुपारी जेवायला घरी आली, की सकाळी लावलेली खिडकी उघडी असायची. दुसरी चावी घरमालक निंगप्पांकडे होती.

"काका, येण्याआधी सांगायचं असतं," तिनं तीनदा बजावलं.

"मी आलोच न्हाय की!" निंगप्पा कधी खोटं बोलत नाहीत अशी ख्याती होती, ती त्यांनीच पसरवली होती.

आज तिनं उंबऱ्यावर काढायच्या रांगोळीची पूड बाहेर उभं राहून दाराच्या आत जाडसर पसरली आणि कुलूप लावून गेली.

दुपारी निंगप्पांना बोलावून त्यांच्यासमोरच दार उघडलं. रांगोळीत अनवाणी पावलं होती.

"आता बोला!"

निंगप्पांनी आपलं थोराड पाऊल शेजारी धरलं. रांगोळीतली पावलं बायकी होती. सगळी आतून दाराकडे आलेली; आत जाणारं एकही नव्हतं.

"ही चावी घ्या बाई. तुमचाच हक्क हाय," म्हणत निंगप्पा जिना उतरलेसुद्धा.

दार आपोआप लोटलं गेलं. आतून कडी लागली.

दाक्षायणी हटली नाही. ओढणी कमरेला बांधून तिनं दारावर थाप मारली. "करारात नाव माझं आहे. उघडा!"

आतून तिच्याच आवाजात शांतपणे उत्तर आलं, "येण्याआधी सांगायचं असतं."