वय वर्षे चौऱ्याऐंशी

"बाई, गेल्याच आठवड्यात सांगितलं ना तुम्हाला?" मॅनेजर मान वर न करताच म्हणाला. "हा ज्येष्ठांचा निवास आहे. साठ पूर्ण झाल्याशिवाय खोली मिळत नाही. तुमची सत्तावन्न. तीन वर्षांनी या, मी स्वतः दार उघडतो."

"मी माझ्यासाठी आलेच नाहीये," गणिताच्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी वेताची टोपली धाडकन टेबलावर ठेवली. "अर्ज यांचा आहे."

टोपलीतून एक करडं डोकं वर आलं. एक कान फाटलेला, एक डोळा अर्धा मिटलेला. त्या डोक्याने मॅनेजरकडे असं पाहिलं, की जणू नोकरी मागायला तोच आलाय.

मॅनेजरने कपाळावर हात मारला. बाईंची कहाणी त्याला ठाऊक होती. ती सांगताना बाई रडल्या नव्हत्या, हेच त्याला खटकलं होतं. लग्न केलं नाही. जन्मभर भावाच्या घरात राहिल्या, भाच्यांची नाकं पुसली, त्यांच्याकडून पाढे घोटून घेतले. आता धाकट्या भाच्याचं लग्न ठरलं आणि नव्या जोडप्याला बाईंची खोली हवी झाली. "महिनाअखेरीपर्यंत बघ कुठे तरी," भाऊ म्हणाला. नोकरदार बायकांच्या वसतिगृहात गेल्या, तर तिथे पंचेचाळिशीच्या पुढे घेत नव्हते. तिकडे फार म्हाताऱ्या, इकडे फार तरुण. मधल्या वयाच्या बाईने राहायचं कुठे, याचा नियम कुणी केलेलाच नव्हता.

"अहो, हे मांजर आहे!"

"दिसतंय मला. मांजर चालणार नाही असं तुमच्या पुस्तकात कुठे लिहिलंय? दाखवा."

इथेच बाईंनी त्याला बरोबर पकडलं. मॅनेजर पडला पुस्तकाचा माणूस. नियमपुस्तिका उशाशी घेऊन झोपायचा, आणि बायकोने हाक मारली तरी आधी कलम बघायचा, असं निवासातले म्हातारे सांगत. त्याने पानं उलटली. पुन्हा उलटली. कुत्र्यांवर दीड पान होतं, पोपटावर एक ओळ होती. मांजराचं नाव नाही.

"निवासी म्हणजे व्यक्ती!" त्याला शेवटी सापडलं. "साठ वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती!"

"कोर्टात कंपनीसुद्धा व्यक्ती असते," दारातून आवाज आला. निवासातले जजसाहेब काठी टेकत उभे होते, आणि त्यांच्यामागे, तमाशा फुकट आहे म्हटल्यावर, अख्खा तळमजला गोळा झाला होता. "ही तर श्वास घेतेय. पुढे चला."

"आपल्या हाताने जेवते का?" मॅनेजरने पुढची अट वाचली.

"तुमच्याहून स्वच्छ. जेवून झाल्यावर ताटसुद्धा चाटून ठेवते."

"वय?"

"सतरा."

मॅनेजरचा चेहरा उजळला. "मग संपलंच की! साठ कुठे, सतरा कुठे!"

"मांजराची सतरा. हा जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला. माणसाच्या हिशेबात किती होतात?"

"सातने गुणायचं," मॅनेजर पुटपुटला. "एकशे... एकोणीस? छे छे, इतकं जुनं माणूस आपल्याकडे..."

"सातने गुणणं हे ज्यांना गणित येत नाही त्यांचं गणित," बाई कडाडल्या. "पेन्सिल घ्या. मांजराचं पहिलं वर्ष म्हणजे माणसाची पंधरा. दुसरं म्हणजे नऊ. किती झाली?"

"चोवीस," मॅनेजर बोलून गेला. काय करणार, शाळेतली भीती जन्मभर पुरते.

"पुढचं प्रत्येक वर्ष चारचं. राहिली पंधरा वर्षं. पंधरा चोक?"

"साठ."

"साठ आणि चोवीस?"

"चौऱ्याऐंशी."

"शाबास. बसा."

मॅनेजर बसलेलाच होता, तरी जरा आणखी बसला. दारातल्या म्हाताऱ्यांनी टाळ्या पिटल्या. "अरे, आपल्या सगळ्यांहून थोरल्या आहेत, त्यांना उन्हातली खुर्ची द्या!" कुणीतरी ओरडलं. थोरल्या आजींनी जांभई दिली. आत दोनच सुळे उरले होते, तेव्हा दाखल्यावर शंका घ्यायलाही जागा उरली नाही.

मॅनेजरच्या मानेवर घाम आला. मांजर आत घ्यावं तर जगात हसं, नाकारावं तर पुस्तक खोटं. बुडत्याने काडी धरावी तशी त्याने पुस्तिका पुन्हा धरली, आणि बाविसाव्या कलमाने हात दिला.

"थांबा!" तो उभाच राहिला. "ऐंशीच्या पुढच्या निवाशाबरोबर सोबतीचं माणूस पाहिजे. चोवीस तास, त्याच खोलीत. नाही तर प्रवेश रद्द!"

टाळ्या थांबल्या. मॅनेजरला चेव आला. दार लावतोच आहोत तर कडीही घालावी, म्हणून त्याने कलम शेवटपर्यंत खणखणीत वाचलं.

"आणि ते माणूस साठीच्या आतलं हवं! धडधाकट! एका म्हाताऱ्याला सांभाळायला दुसरा म्हातारा आम्ही ठेवत नाही. आहे कोणी तुमच्या ओळखीत असं? घरदार सोडून मांजराच्या खोलीत राहायला येणारं?"

बाई वळल्या आणि तरातरा बाहेर गेल्या. टोपली तशीच टेबलावर राहिली. गेली ब्याद, असं म्हणून मॅनेजरने घाम पुसला, तोवर त्या परत आल्या. एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात वळकटी. दोन्ही खाली ठेवून त्यांनी नोंदवही त्याच्या पुढ्यात सरकवली.

"लिहा," बाई म्हणाल्या. "सोबतीण, वय वर्षे सत्तावन्न. गेल्या आठवड्यात कमी पडलं होतं ना, तेच."