उदयराजचे बुश

लिफ्टवर चढवलेल्या उदयराजच्या स्पोर्ट्स कारखाली राजलक्ष्मी उभी होती. गाडी लो केलेली, म्हणजे जमिनीलगत बसवलेली होती. मागच्या चाकांची चौकट, म्हणजे सबफ्रेम, बॉडीला धरून ठेवणारे गोल रबरी बुश पार चिरले होते. हे काम कोल्हापुरात तिच्याच गॅरेजमध्ये व्हायचं, म्हणून तो नाइलाजाने आला होता.

गेल्या वर्षीच्या शर्यतीत तिने त्याला हरवलं होतं. "माझ्या गाडीत बिघाड होता, नाहीतर ती कसली जिंकते," असं त्याने गावभर सांगितलं, आणि गावाला ते पटलं.

तिने दोन प्रकारचे बुश पुढे ठेवले. "हे रबराचे, मऊ. बसायला आराम, पण वळणावर गाडी मागून डोलणार. हे पॉलीचे, कडक प्लास्टिकचे. धक्के बसतील, पण गाडी हलणार नाही."

"तू कुठले बसवशील?"

रबराचे म्हटलं असतं, तर रविवारच्या शर्यतीत तो नक्की मागे पडला असता. तिने ते उचलले आणि परत खोक्यात टाकले.

"पॉलीचे. माझ्या गाडीतही तेच आहेत."

"माझ्यावर एवढी मेहरबानी?"

"तुझी गाडी ठणठणीत असताना तुला हरवायचंय."

तो हसला.

रविवारी शेवटच्या वळणावर तिने त्याला आतल्या बाजूने मागे टाकलं. शर्यत संपल्यावर हेल्मेट काढून ती थेट त्याच्या मित्रांच्या घोळक्यात शिरली.

"उदयराज, गाडीत काही बिघाड होता का?"

तो हातमोजे काढत राहिला. "नव्हता," तो पुटपुटला.

"जरा मोठ्याने सांग," ती म्हणाली.