तीन कॉलेजांचं बोलावणं

कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातल्या आमच्या गावात बर्फावरची हॉकी खेळायला आलेली परगावची पोरं लोकांच्या घरी राहतात. डार्लीनचा मुलगा ब्रोडी अमेरिकेतल्या एका कॉलेजात खेळायचा; तिच्याकडे कीटन दोन वर्षं होता. तिच्या हातचं खाऊन तो अंगाने भरला, एका बड्या व्यावसायिक संघाने त्याला हेरूनही ठेवलं. कॉलेजं खेळाडूंना पैसे द्यायला लागली, तशी यंदा अमेरिकेतल्या तीन कॉलेजांनी त्याला बोलावलं.

"मावशी, कुठे जाऊ गं?"

"आमच्या ब्रोडीच्या कॉलेजात जा. तीन वर्षं संघात आहे तो, सांभाळून घेईल तुला. आणि पैशाला नाही म्हणू नकोस, खुळ्या!"

कीटनने होकार कळवला, त्या रविवारी डार्लीनने त्याच्या आवडीचे, बटाट्याचं सारण भरलेले पेरोगी केले. दोघं जेवत असताना ब्रोडीचा फोन आला.

"आई, मला संघातून काढलं गं. कुणी नवा पोरगा पैसे देऊन आणलाय, त्याच्यासाठी माझी जागा गेली. शिष्यवृत्तीही बंद. घरी येतोय मी."

डार्लीनने फोन खाली ठेवला.


"ब्रोडी होता ना?" कीटनने आणखी दोन पेरोगी वाढून घेतले. "मग विचारायचं ना त्याला, मला त्याच्या खोलीत ठेवून घेईल का!"