शांत चेहऱ्यांचं दार

वॉर्डाच्या दाराने मृणालताईंचा चेहरा वाचला आणि सांगितलं, "आपण रागात आहात. शांत होऊन या."

"राग नाही रे बाबा, रोझेशिया आहे. माझे गाल लालच असतात," त्या दाराला म्हणाल्या. दार हललं नाही.

डॉक्टरांनी मलम सकाळी एकदाच, हरभऱ्याएवढं लावायला सांगितलं होतं. पण दाराने अडवू नये म्हणून त्यांनी दुपारी पुन्हा जाड थर दिला, आणि औषध उलटलं. लाली होती त्याच्या दुप्पट झाली.

"तोंडावर पाणी मारून या, मावशी," रखवालदार हळूच म्हणाला.

आत त्यांची लेक हात मोडून पडली होती. जिन्यावरून घसरली, असं जावयाने कळवलं होतं. लेक मात्र फोनवर कुजबुजली होती, "मी घसरले नाही, आई. तो यायच्या आत ये."

तेवढ्यात जावई आला. त्याने रीतसर वाकून सासूबाईंना नमस्कार केला आणि दारापुढे उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. दार लगेच उघडलं.

मृणालताई त्याच्यामागे धावल्या, पण दार मिटलं होतं.

"आपण रागात आहात," ते म्हणालं.

या वेळी ते खरं होतं.