तिसरा मजला, डावीकडची गॅलरी

"सगळं काढून टाका," कोप्केबाईंनी फोन टेबलावर आपटत सांगितलं. "त्या कंपनीचं नामोनिशाण राहता कामा नये माझ्या फोनात."

टीलेसाहेबांचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. निवृत्त झाल्यापासून सहा वर्षं दर गुरुवारी दुपारी ते कासेल शहरातल्या आपल्या भागाच्या वाचनालयात 'आपला फोन, आपल्या ताब्यात' अशी पाटी लावून बसत. बड्या कंपन्यांची ॲप काढायची, त्यांच्या जागी पाळत न ठेवणारी बसवून द्यायची, तेही फुकट. कोप्केबाई त्यांच्याच इमारतीत, त्यांच्या बरोबर वरच्या मजल्यावर राहत. जिन्यात गाठ पडली की म्हणत, "माझ्याकडे चोरण्यासारखं आहे काय हो? गुडघेदुखी?" आज त्याच बाई आपल्या पायांनी चालत आल्या होत्या, वर आलुबुखाराच्या केकचा डबा घेऊन.

"असं अचानक कसं काय सुचलं?"

"ते मग सांगते. आधी काम. फक्त एक लक्षात ठेवा, एगोनचं काहीही हरवता कामा नये."

एगोन म्हणजे त्यांचे यजमान. गेल्या वर्षी सप्टेंबरात गेले.

"त्यांच्या आठवणींना केसाचाही धक्का लागणार नाही," टीलेसाहेब म्हणाले. "माझा शब्द."

एरवी ते इतक्या सहज शब्द देत नसत, पण मंगळवारपासून स्वारी खुशीत होती. महिन्यापूर्वी केलेल्या एका अर्जाला उत्तर आलं होतं: 'आपल्या विनंतीनुसार काम पूर्ण झाले आहे. हा बदल परत फिरवता येणार नाही.' त्यांनी ते छापून निळ्या फाइलला लावलं होतं, आणि ती फाइल आताही त्यांच्या कोपराशी होती. त्यांच्या सगळ्या लढाया तिच्यात होत्या. शेजारच्या फाटकावरचा, रस्त्याकडे रोखलेला कॅमेरा त्यांनीच उतरवायला लावला होता. इमारतीच्या दारावरच्या पाट्यांवरून सगळ्यांची पहिली नावं त्यांनीच काढून टाकली होती. कुणाला विचारलं वगैरे नव्हतं. विचारत बसलं की चांगली कामं अडतात, असं त्यांचं ठाम मत होतं.

ते कामाला लागले. आधी निरोपांचं ॲप. त्यात एगोनच्या आवाजातले निरोप होते. त्यांनी एक लावून पाहिला. "इर्मी, पाव संपलाय. येताना आणू का?" बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. टीलेसाहेबांनी एकूण एक आवाज पेन ड्राइव्हवर उतरवला, पुन्हा मोजला, आणि मगच ते ॲप पुसलं.

मग फोटो. अकराशे चाळीस. तेही उतरले. मग ईमेल, मग इंटरनेटवर शोधायचं पान.

"हे नवीन कुठल्या कंपनीचं?" बाईंनी चष्मा वर करत विचारलं.

"कुठल्याच नाही. लोक मिळून बनवतात."

"लोक मिळून? आपल्या इमारतीत लोक मिळून जिनासुद्धा झाडत नाहीत!"

टीलेसाहेब खळखळून हसले. केकचा तुकडा त्यांनी तोंडात टाकला. सहा वर्षांत इतकं समाधानाचं काम झालं नव्हतं. कोप्केबाई वळल्या म्हणजे सगळी इमारत वळणार, हे त्यांना ठाऊक होतं.

"आता नकाशा तेवढा राहिला. याच्या जागी लोकांनी काढलेला नकाशा देतो. चौकातला आपला बाकसुद्धा आहे त्यात."

त्यांनी बोट टेकवलं, तोच बाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"थांबा. हा पुसण्याआधी एकदा बघा."

बाईंनीच नकाशातलं रस्त्याचं चित्र उघडलं. दोन उन्हाळ्यांपूर्वी कंपनीची कॅमेऱ्याची गाडी त्यांच्या गल्लीतून फिरून गेली होती, तेव्हाचं. बेकरीची पाटी लखलखीत दिसत होती. बेकरीसमोरच्या सायकलीही. बेकरीला लागून मात्र एक राखाडी ठोकळा उभा होता, दुधी काचेआडून दिसावा तसा.

"हे आपलं घर," बाई म्हणाल्या. "तिसरा मजला, डावीकडची गॅलरी. एगोन उभा होता तिथे. टोमॅटोंना पाणी घालत. चेहरा त्या लोकांनी पुसट केला होता, पण लाल टोपी त्याचीच. आणि एक हात वर. गाडीला हात करत होता, खुळा कुठला! त्यानंतरच्या उन्हाळ्यात तो अंथरुणातच होता. तो गेल्यापासून मी रोज सकाळी कॉफी घेऊन या चित्रासमोर बसायचे. मंगळवारी उघडून बघते तर हे."

टीलेसाहेब फोनवर वाकले.

"तुम्ही... ते चित्र उतरवून ठेवलं नव्हतं?"

"कशाला? तो रोज असायचाच की तिथे."

वाचनालयात कुणीतरी खुर्ची सरकवली. टीलेसाहेब राखाडी ठोकळ्याकडे बघत होते. तिथे त्यांचीही खिडकी होती, डावीकडच्या गॅलरीच्या बरोबर खाली.

"माझा माणूस दोनदा नेला," कोप्केबाई म्हणाल्या. "एकदा देवानं, एकदा या कंपनीनं. म्हणून म्हटलं, हाकला हिला घरातून. तुमचंच खरं होतं, टीलेसाहेब. मीच मूर्ख." त्यांनी रुमालाने नाक पुसलं. "तुम्हाला अर्ज लिहिता येतात. माझ्यासाठी एक लिहा. एगोन परत येणार नाही, एवढं मला कळतं. पण विचारा त्यांना, कुणाच्या सांगण्यावरून पुसलं?"

टीलेसाहेबांनी निळी फाइल हळूच आपल्याकडे ओढून घेतली. उत्तर तिच्यात होतं, मंगळवारच्या तारखेचं, त्यांच्याच नावानं आलेलं.