धूळ पुसलेला फोटो

तिनं पेपर टेबलावर असा आपटला की साबणरावांचा चहा हिंदकळून सांडला.

“हे काय करून ठेवलंत?”

साबणराव फोटो डेस्कवर बसत. हाताखालून गेलेला प्रत्येक फोटो धुऊन निघे, म्हणून ऑफिसनं ठेवलेलं हे नाव. त्यांना ते आवडायचंही. त्यांनी आधी चहा पुसला, मग पहिल्या पानाकडे पाहिलं. दगडाची भुकटी करणारा कारखाना, यंत्रापाशी वाकलेली माणसं. चेहरे तुकतुकीत, हवा काचेसारखी स्वच्छ. आणि वर जाड अक्षरांत मथळा, ‘धुळीत गुदमरतात कामगार’.

“चांगला तर आलाय,” ते म्हणाले. “केवढा नॉइज होता त्यात! नुसते ठिपकेच ठिपके. जेवण सोडून साफ केला मी.”

“ती धूळ होती!”

“सगळी?”

सगळी नव्हती, आणि तिथंच तिचं डोकं फिरलं. कारखान्यात अंधार होता. फ्लॅश मारला असता तर मुकादमानं तिला कॅमेऱ्यासकट बाहेर काढलं असतं. म्हणून तिनं आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, जाईल तेवढा वर नेला होता. अंधारात असं ताणलं की कॅमेरा पदरचे ठिपके घालतोच. तिनं साबणरावांचा माऊस हिसकावला आणि मूळ फोटो मोठा करून दाखवला.

“हे लाल-निळे आहेत ना, ते कॅमेऱ्याचे. आणि हे पांढरे माणसांच्या छातीत जातात. एवढं दिसू नये?”

“मला दिसून काय उपयोग? सॉफ्टवेअरला ठिपका दिसला की ते पुसतं. आणि फाइलसोबत तुम्हीच लिहिलं होतंत, नॉइज फार आहे, तेवढं बघा.”

हे खरं होतं. खरं होतं म्हणूनच ती आणखी भडकली.

“बघा म्हटलं होतं! सगळ्या कामावर बोळा फिरवा, असं नव्हतं म्हटलं! निदान मथळा तरी वाचायचा!”

“मथळा माझ्याकडे येत नाही, ताई. माझ्याकडे नुसता फोटो येतो.” साबणरावांचा आवाज आता उतरला होता. “उद्या खुलासा छापू.”

“खुलासा! आतल्या पानात, जाहिरातीखाली. कोण वाचतंय तो?”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. दादा होता. त्याच कारखान्यात राबणारा तिचा सख्खा भाऊ. नोकरीवर पाणी सोडायची तयारी ठेवून त्यानंच तिला मागच्या दारानं आत घेतलं होतं.

“दादा, ऐक, इथं डेस्कवर घोळ झालाय...”

“तपासणीचे साहेब आले होते,” दादा म्हणाला. “मालकानं गेटवरच त्यांच्यापुढे पेपर धरला. साहेबांनी फोटो बघितला, चहा घेतला आणि परत गेले.”

पुढं त्याला खोकला आला. तो लवकर थांबेना. साबणरावांनाही पलीकडचा खोकला ऐकू येत होता, आणि ते मान खाली घालून कोरडं टेबल पुन्हा पुसत होते.

“चिडू नकोस,” दम लागलेल्या आवाजात दादा म्हणाला. “फोटो झकास आलाय. आमची कामावरची पोरं विचारतायत, या फोटोतल्या कारखान्यात भरती चालू आहे का?”